चेहऱ्यावरचे उडालेले हायलाइट परत कसे आणायचे

पोर्ट्रेट ओव्हर झालं, म्हणजे जास्त उजेडाने चेहऱ्याचा भाग पांढरा पडला, की बहुतेकांचा हात आधी एडिटिंग सॉफ्टवेअरमधल्या हायलाइट्सच्या, म्हणजे उजळ भागांच्या, स्लायडरवर जातो. तो पार उणे १००पर्यंत ओढला की कपाळाची चमक उतरते आणि काम झालं असं वाटतं. दुसऱ्या दिवशी तोच फोटो ताज्या नजरेने बघा. जिथे पांढरं होतं तिथे आता राख फासल्यासारखा डाग दिसतो. सुरुवातीची दोन वर्षं मी असे राखाडी चेहरे लोकांना हौसेने दिले आहेत. त्यांनी कुरकुर केली नाही, पण ते फोटो कुणी फ्रेमही करून लावले नाहीत.

माझी चूक अशी होती की मी हे दुखणं उजेडाचं समजत होतो. चेहऱ्यावर उडालेला हायलाइट हे मुळात रंगाचं दुखणं आहे. हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप जागेवर येतात, म्हणून आधी तेवढं समजून घेऊ.

लाल चॅनल आधी जातो

फोटोतला प्रत्येक ठिपका लाल, हिरवा आणि निळा या तीन चॅनलचा बनतो आणि प्रत्येकाचा आकडा ० ते २५५ असतो. त्वचा गोरी असो, सावळी असो की काळी, तिच्यात लाल सगळ्यात जास्त, हिरवा त्याहून कमी आणि निळा सगळ्यात कमी असतो. नीट उजेड पडलेल्या गालावरचे आकडे समजा २४०, १९०, १६५ असे आहेत. उजेड वाढत गेला की लाल २५५ला जाऊन भिंतीला टेकतो. हिरवा आणि निळा मात्र अजून चढत असतात. मग २५५, २४०, २१५ होतं आणि गाल पिवळसर दिसायला लागतो. अजून वाढलं की २५५, २५०, २३५, म्हणजे जवळजवळ पांढरा.

आता हाच पांढरा ठिपका स्लायडरने सरसकट खाली ओढला तर आकडे होतील २००, १९६, १८४. तेवढ्याच उजेडातली खरी त्वचा असती तर साधारण २००, १५८, १३८ असते. लाल दोन्हीकडे सारखाच आहे, पण लाल आणि निळ्यातलं अंतर एका ठिकाणी १६ आहे आणि दुसऱ्या ठिकाणी ६२. राख दिसते ती या फरकामुळे. उजेड कमी केला, पण उडालेला रंग कुठून येणार?

म्हणून पुढे जे काही करायचं त्याचा क्रम ठरलेला आहे. आधी खरा डेटा जेवढा निघेल तेवढा काढायचा, मग उरलेल्या जागी रंग भरायचा, मग पोत, आणि शेवटी थोडी चमक मुद्दाम परत सोडायची.

पायरी १: नेमकं काय उडालंय ते बघा

लाइटरूम या अडोबीच्या फोटो सॉफ्टवेअरच्या डेव्हलप विभागात ‘जे’ हे बटण दाबलं की क्लिप झालेल्या, म्हणजे आकडा भिंतीला टेकून तपशील गेलेल्या, जागेवर लाल थर दिसतो. त्यापेक्षा जास्त कामाची गोष्ट म्हणजे ऑल्ट दाबून व्हाइट्स किंवा एक्स्पोजरचा स्लायडर हलवणं. मॅकवर ऑल्टऐवजी ऑप्शन. सगळं चित्र काळं होतं आणि फक्त उडालेला भाग उठून दिसतो. तो लाल दिसला तर फक्त लाल चॅनल गेलाय, पिवळा दिसला तर लाल आणि हिरवा दोन्ही गेलेत, आणि पांढरा दिसला तर तिन्ही. लाल डाग म्हणजे काम सोपं. पिवळा म्हणजे मेहनत आहे. चेहऱ्यावर मोठा पांढरा डाग असेल तर तिथे रंग हाताने भरावा लागणार, हे आत्ताच गृहीत धरा.

डाग कुठे आहे तेही बघून ठेवा. नाकाच्या शेंड्यावरचा ठिपका, खालच्या ओठावरची रेघ, डोळ्यातला चमकदार बिंदू हे पांढरे असायलाच हवेत. त्यांच्यामुळे चेहऱ्याला गोलाई येते. त्रास देतो तो पसरलेला डाग: अर्धं कपाळ, गालाचं हाड, उन्हाकडचा खांदा.

फाइल कोणती आहे यावरही बरंच ठरतं. जेपेगमध्ये प्रत्येक चॅनलला २५६ पायऱ्या असतात आणि कॅमेऱ्याने व्हाइट बॅलन्स नि कॉन्ट्रास्ट त्यात आधीच शिजवून टाकलेले असतात. १४ बिट रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या डेटात, १६,३८४ पायऱ्या असतात आणि काहीच शिजवलेलं नसतं. शिवाय कॅमेऱ्याच्या पाठीवर लुकलुकणारे काळे-पांढरे इशारे साधारणपणे जेपेग प्रीव्ह्यूवरून काढलेले असतात, त्यामुळे तिथे गेलेलं दिसणारं पुष्कळदा रॉमध्ये शाबूत सापडतं. माझ्या अनुभवात रॉमधली एका स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) आसपासची चूक बहुधा भरून निघते. दोन स्टॉपांनी उडालेला चेहरा क्वचितच परत येतो. जेपेगमध्ये उडालं म्हणजे उडालं, तिथे थेट पायरी ३ आणि ४कडे वळा.

पायरी २: रॉमधून जेवढं निघेल तेवढं काढा

स्लायडरला हात लावण्याआधी प्रोफाइल, म्हणजे रंग आणि कॉन्ट्रास्टची मूळ मांडणी, बदलून बघा. अडोबी कलर किंवा पोर्ट्रेटऐवजी अडोबी न्यूट्रल निवडलं तर कॉन्ट्रास्ट सौम्य होतो आणि वरच्या टोकाला थोडी हवा मिळते. कितीतरी फोटोंत निम्मा डाग एवढ्यानेच उतरतो. लोक ही पायरी का गाळतात ते मला अजून कळलेलं नाही.

मग एक्स्पोजर. हायलाइट्सच्या आधी एक्स्पोजर खाली आणा, उणे ०.३ पासून उणे १च्या आसपास, चेहऱ्याचा मधला टोन जागेवर बसेपर्यंत. फोटो मुळात ओव्हर असेल तर दोष अख्ख्या फोटोत आहे, तो एकट्या हायलाइट्सवर काढू नका. त्यानंतर हायलाइट्स उणे ३० ते उणे ६०. याच्यापुढे गेलात तर केसांच्या कडेला आणि जबड्याच्या रेषेला मळकट वलय उमटतंय का ते १०० टक्के झूम करून तपासा.

व्हाइट्स सगळ्यात शेवटी. ऑल्ट दाबून तो इतकाच हलवा की काळ्या पडद्यावर फक्त डोळ्यातले बिंदू आणि नाकावरचा ठिपका उरेल. पडदा पूर्ण काळा करायच्या नादी लागू नका. क्लिप झालेल्या जागेला खाली ढकललं की तपशील येत नाही, पांढऱ्याचा करडा होतो एवढंच. डीहेझचा, म्हणजे धुकं काढणाऱ्या स्लायडरचा, मोह इथे अनेकांना होतो. आकाशासाठी तो ठीक आहे, पण चेहऱ्यावर वापरला की त्वचेवरचा प्रत्येक डाग बोलायला लागतो.

कधीकधी परत आलेला भाग गुलाबी किंवा निळसर दिसतो. सॉफ्टवेअर शिल्लक चॅनलवरून उडालेल्या चॅनलचा अंदाज बांधतं. पोत बऱ्यापैकी जमतो, रंग चुकतो. त्यासाठी सबंध फोटोचा व्हाइट बॅलन्स हलवू नका. पुढच्या पायरीतला मास्क, म्हणजे बदल ठरावीक जागेपुरता ठेवणारी निवड, त्यासाठीच आहे.

पायरी ३: फक्त उजळ त्वचेला मास्क

लाइटरूममध्ये मास्किंग उघडून सिलेक्ट पीपल निवडा आणि त्यातलं फेस स्किन घ्या. मग मास्कच्या तीन टिंबांच्या मेनूतून इंटरसेक्टचा पर्याय निवडून ल्युमिनन्स रेंज जोडा. पट्टा साधारण ७५ ते १०० ठेवा आणि डावीकडची उतरण लांब ओढा, म्हणजे डागाची कड विरघळते. आता मास्क फक्त चेहऱ्यावर, आणि त्यातही फक्त उजळ भागावर बसला. गळ्यावर किंवा खांद्यावर डाग असेल तर बॉडी स्किनही घ्या. चेहरा दुरुस्त आणि मान पांढरी असले फोटो मुखवटा घातल्यासारखे दिसतात.

मास्कमध्ये एक्स्पोजर उणे ०.२ ते ०.४, हायलाइट्स अजून थोडे खाली, टेंपरेचर जरासं उबदार बाजूला, सॅच्युरेशन अधिक ५ ते १०. इथवर सगळे करतात. खरा फरक पडतो तो याच पॅनेलमधल्या कलरच्या चौकोनाने. तो उघडा, शेजारच्या नीट आलेल्या त्वचेच्या जवळचा नारिंगी-तपकिरी रंग निवडा आणि सॅच्युरेशन अगदी कमी ठेवून हळूहळू वाढवा. लाल आणि निळ्यातलं जे अंतर पुसलं गेलं होतं ते तुम्ही इथे परत घालताय. हिस्टोग्रामखाली, म्हणजे उजेडाच्या आलेखाखाली, टक्केवारी दिसते, कर्सर आधी चांगल्या गालावर ठेवा, मग दुरुस्त केलेल्या कपाळावर. आकडे तंतोतंत जुळायची गरज नाही, पण लाल, हिरवा, निळा ही उतरंड आणि त्यांच्यातलं अंतर यांचं नातं सारखं दिसायला हवं.

डाग लाल किंवा फिकट पिवळा होता तर बहुतेक वेळा इथेच थांबता येतं.

पायरी ४: डेटा नसेल तिथे फोटोशॉप

फाइल १६ बिटमध्ये उघडा. ८ बिटमध्ये मऊ ब्रशने रंग भरला की कपाळावर पट्टे पडतात आणि नंतर ते काढता काढता नाकी नऊ येतात. मूळ लेयरला, म्हणजे थराला, हात न लावता खाली दिलेल्या क्रमाने एकावर एक लेयर चढवा. क्रम उलटा केला तर काम होत नाही, त्याचं कारणही सांगतो.

सगळ्यात आधी चॅनल पॅनेल उघडून तिन्ही चॅनल वेगवेगळे बघा. लाल चॅनलमध्ये कपाळ कोरा कागद असेल, पण हिरव्यात बऱ्याचदा छिद्रं, सुरकुत्या, सगळं जिवंत असतं. ते उसनं घ्यायचं. कंट्रोल आणि जे दाबून लेयरची प्रत काढा, इमेज मेनूतून अप्लाय इमेज उघडा, चॅनल ग्रीन निवडा, ब्लेंडिंग नॉर्मल ठेवा. लेयर कृष्णधवल होईल, घाबरू नका. त्याचा ब्लेंड मोड, म्हणजे खालच्या थरात मिसळायची पद्धत, ल्युमिनॉसिटी करा (फक्त उजेड बदलतो, रंग नाही), काळा मास्क लावा आणि पांढऱ्या मऊ ब्रशने फक्त डागावर रंगवा. लेयरची ऑपॅसिटी २० ते ४० टक्के. हिरवा चॅनल त्वचेवर लालपेक्षा गडद असतो, त्यामुळे डाग खाली उतरतो आणि खरा पोतही परत येतो. ही माझी सगळ्यात आवडती युक्ती आहे, कारण यात काहीच खोटं घातलेलं नाही.

आता रंग. बहुतेकजण नवीन लेयर घेऊन त्याचा मोड कलर ठेवतात, त्वचेचा रंग उचलतात, पांढऱ्या डागावर ब्रश फिरवतात आणि काहीच होत नाही. होणारही नाही. कलर मोड खालच्या थराचा उजेड तसाच ठेवतो, आणि शुद्ध पांढऱ्याइतका उजळ दुसरा कुठलाही रंग नाही. म्हणून डाग आधी थोडा गडद झालेला असावा लागतो. हिरव्या चॅनलने तो उतरला असेल तर कलर मोड चालतो. हिरवाही उडाला असेल तर लेयरचा मोड डार्कन ठेवा, त्यात खालच्यापेक्षा गडद असेल तेवढंच उमटतं. आयड्रॉपरचा सॅम्पल ५ बाय ५ सरासरीवर ठेवून अगदी डागाच्या काठाची, म्हणजे अजून थोडी उजळच असलेली त्वचा उचला. गालाच्या मधला गडद रंग उचललात तर कपाळावर टिळा लावल्यासारखं दिसेल. ब्रश मोठा, हार्डनेस शून्य, ऑपॅसिटी १० ते १५ टक्के. एकाच रंगाने सगळं भरू नका. डागाच्या चारही बाजूंनी वेगवेगळे रंग उचलत आत सरका. कपाळाचा वरचा भाग आणि भुवयांजवळचा भाग यांचा रंग कधीच एक नसतो.

रंग भरला की ती जागा गुळगुळीत, प्लास्टिकच्या बाहुलीसारखी दिसेल. आता पोताची पाळी. नवीन रिकामा लेयर घ्या, हीलिंग ब्रशचा सॅम्पल करंट अँड बिलोवर ठेवा आणि शेजारची त्वचा उचलून लावा. हीलिंग ब्रश पोत उगमाकडून घेतो आणि रंग-उजेड जिथे लावताय तिथून. म्हणूनच रंग आधी भरायचा. पांढऱ्यावर हील केलंत तर पांढरीच छिद्रं मिळतील. कपाळासाठी कपाळाचीच त्वचा घ्या, नाकासाठी नाकाची. नाकावरची छिद्रं मोठी असतात, गालावरची बारीक. दाढीचे खुंट, लव यांची दिशाही बघा.

मूळ फोटोत ग्रेन, म्हणजे बारीक कण, असेल आणि दुरुस्त जागेवर नसेल तर डोळ्याला ते लगेच खटकतं. ५० टक्के करड्या रंगाचा लेयर, मोड ओव्हरले, त्यावर अ‍ॅड नॉइज १ ते ३ टक्के, गॉशियन आणि मोनोक्रोमॅटिक. नंतर गॉशियन ब्लर ०.३ ते ०.५ पिक्सेल, कारण कॅमेऱ्याचा ग्रेन इतका टोकदार नसतो. मास्क लावून तो फक्त दुरुस्त जागेवर ठेवा.

थोडी चमक परत सोडा. रंगाच्या लेयरवर डबल क्लिक करून ब्लेंड इफ उघडा. खालच्या पट्टीतला उजवीकडचा पांढरा त्रिकोण ऑल्ट दाबून दोन तुकड्यांत फोडा आणि डावा तुकडा २३५च्या आसपास आणा. खालच्या थरातला सगळ्यात उजळ गाभा हळुवारपणे वर डोकावायला लागतो. डाग मोठा आणि सपाट पांढरा असेल तर हे करू नका, तिथे सगळंच परत पांढरं होईल. त्याऐवजी सगळे दुरुस्तीचे लेयर एका ग्रुपमध्ये टाकून ग्रुपची ऑपॅसिटी ७० टक्क्यांवर आणा. माझे बहुतेक फोटो ६० ते ८०च्या मध्येच कुठेतरी स्थिरावतात.

मजकूर लिहून चित्र भरणारी नवी साधनं हे सगळं काही सेकंदांत करून देतात. छोट्या डागाला ती चालतात. अर्धा चेहरा त्यांच्यावर सोपवला तर मात्र जे कपाळ मिळतं ते त्या माणसाचं नसतं, आणि त्याच्या घरचे ते लगेच ओळखतात.

कपडे, केस, मागची खिडकी

पांढऱ्या कपड्याला वरची कसरत लागत नाही. पांढऱ्या कापडात तिन्ही चॅनल जवळपास सारखेच असतात, त्यामुळे खाली ओढल्यावर करडी छटा आली तरी ती चुण्यांची सावली म्हणून खपते. चेहऱ्यावर फसणारा हायलाइट्सचा स्लायडर इथे राजासारखा काम करतो. फक्त कापडाचा मास्क वेगळा ठेवा आणि त्यात उबदारपणा घालू नका, नाहीतर शर्ट न धुतल्यासारखा दिसेल.

पाठीमागून उजेड आलेल्या केसांची सोनेरी-पांढरी कड तशीच राहू द्या. मागची खिडकी किंवा आकाश पूर्ण पांढरं असेल तर तेही सोडून द्यायला हरकत नाही, फक्त त्या पांढऱ्याने गालाची कड खाल्ली नाही ना एवढं पाहा. खाल्ली असेल तर तेवढ्या कडेपुरता डार्कन लेयर.

फुकटची साधनं

वरचं सगळं तत्त्व तेच, बटणं वेगळी. डार्कटेबलमध्ये हायलाइट रिकन्स्ट्रक्शन नावाचं मॉड्यूल आहे. इनपेंट अपोज्ड ही त्यातली मूळ निवड बहुतेक चेहऱ्यांना पुरते. नाहीच जमलं तर गाइडेड लाप्लासियन्स लावून बघा, पण मशीन जुनं असेल तर धीर ठेवा. रॉथेरपीमध्ये याच नावाखाली कलर प्रोपगेशन आहे. तीही संथ आहे, पण शेजारचा रंग उडालेल्या जागेत पसरवते, म्हणजे आपल्याला हवं तेच.

गिंप स्वतःहून रॉ उघडत नाही, ती वरच्या दोनपैकी एकात डेव्हलप करून आणावी लागते. पुढे डार्कन ओन्ली मोडचा लेयर, हील टूलमध्ये सॅम्पल मर्ज्डवर खूण, आणि पायरी ४ जशीच्या तशी. फोनवर स्नॅपसीडमध्ये सिलेक्टिव्हचा बिंदू कपाळावर ठेवून ब्राइटनेस थोडा उतरवा आणि सॅच्युरेशन थोडं चढवा. छोटा डाग त्याने झाकला जातो, त्याहून जास्त अपेक्षा नको.

बाहेर पाठवण्याआधी

फोटो अंगठ्याएवढा छोटा करून बघा. दुरुस्ती कळत असेल तर ती जास्त झालीय. मग आडवा उलटा करा; ओळखीचा चेहरा अनोळखी होतो आणि डाग लपत नाहीत. मॉनिटरची ब्राइटनेस पूर्ण वाढवून ठेवायची सवय असेल तर ती आधी कमी करा. झगझगीत पडद्यावर प्रत्येक फोटो ओव्हर वाटतो आणि आपण गरज नसताना चेहरे काळवंडत बसतो.

एसआरजीबीमध्ये, म्हणजे वेबवर चालणाऱ्या रंगांच्या जागेत, एक्स्पोर्ट करताना लाल चॅनल पुन्हा भिंतीला टेकू शकतो, कारण ती रंगांची जागा लहान आहे. लाइटरूममध्ये ‘एस’ दाबून सॉफ्ट प्रूफिंग, म्हणजे एक्स्पोर्टनंतरच्या रंगांची झलक, चालू करा आणि एकदा नजर टाका. फोटो छापायचा असेल तर अजून एक गोष्ट. २५५, २५५, २५५ असलेल्या जागी इंकजेट प्रिंटर शाईच टाकत नाही, तिथे कोरा कागद राहतो. चकचकीत कागद तिरका धरला की तो डाग वेगळा चमकतो. लेव्हल्समध्ये आउटपुटचं पांढरं टोक २५०वर आणलं की तिथेही शाईचा पातळ थर पडतो.

आणि कधीकधी काहीच जमत नाही. अर्धा चेहरा लालमधून, कधी तिन्ही चॅनलमधून गेलेला असतो. तेव्हा त्याच वेळची मागची-पुढची फ्रेम शोधणं शहाणपणाचं. दुसरी फ्रेम नसेल, पण हिरव्या चॅनलमध्ये चेहरा शिल्लक असेल, तर चॅनल मिक्सर उघडा, मोनोक्रोमवर खूण करा, लाल आणि निळा शून्य, हिरवा १००. रंगाचा प्रश्नच संपतो आणि उडालेला लाल चित्रातून बाहेर जातो. त्वचेचा पोत मात्र या कृष्णधवलमध्ये जरा जास्तच ठळक येतो, तेव्हा ज्याचा फोटो आहे त्याला एकदा दाखवून घ्या.